तीन राजधान्या आणि भाड्याची एक खोली

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यात तीन राजधान्यांमध्ये परके म्हणून राहायला गेले. बडोदा ही गायकवाडांच्या संस्थानाची राजधानी, लंडन ही ब्रिटिश साम्राज्याची, आणि दिल्ली आधी इंग्रजांच्या हिंदुस्थानची, मग स्वतंत्र भारताची. तिन्ही ठिकाणी त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने. बडोद्यात नाव लपवल्यावर मिळाले, लंडनमध्ये भाडे भरल्यावर मिळाले, दिल्लीत पद आल्यावर मिळाले. या तीन कारणांचा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरीत आज भाड्याचे घर शोधणारे बौद्ध कुटुंब याच तिढ्यात अडकलेले आहे.

परक्या देशात जाऊन राहणाऱ्यासाठी हल्ली इंग्रजी वर्तमानपत्रांत 'एक्सपॅट' असा शब्द वापरतात. गोरा माणूस नोकरीसाठी मुंबईत आला की तो एक्सपॅट. कंपनी त्याला घर शोधून देते, दलाल त्याच्या मागे फिरतो, सोसायटी त्याच्या जेवणाची चौकशी करत नाही. मराठवाड्याच्या दुष्काळातून विक्रोळीच्या नाक्यावर आलेला माणूस मात्र 'स्थलांतरित', 'लोंढा', 'अतिक्रमण'. समाजशास्त्राच्या भाषेत दोघेही घर सोडून परक्या शहरात आलेले. फरक अंतराचा नाही, दर्जाचा आहे. आणि दर्जा कोण ठरवतो, हा आपला जुना प्रश्न आहे.

बडोदे : अकरा दिवसांची राजधानी

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१६ साली ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले आणि करार पाळण्यासाठी ते बडोद्याला निघाले.

पुढे काय घडले ते त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवले आहे. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. ती जाणीव परत आली बडोदे स्टेशनावर. राहायचे कुठे? हिंदूंच्या खाणावळीत जात लपवल्याशिवाय प्रवेश नाही. अमेरिकेत बरोबर शिकलेले ओळखीचे लोक गावात होते, पण त्यांच्या दारात गेलो तर त्यांची अडचण होईल, म्हणून तिकडे पाऊल वळेना. शेवटी टांगेवाल्याकडून पारशी उतारूंच्या सरायीचा पत्ता मिळाला. तिथेही नियम होता की फक्त पारशांनाच जागा. सरायीत गिऱ्हाईक नव्हते, रखवालदाराला चार पैसे हवे होते. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचे रोज दीड रुपया द्यायचा, असा सौदा झाला.

कोलंबियाचा पदवीधर, महाराजांचा अधिकारी, आणि आपल्याच देशातल्या राजधानीत खोट्या नावाने राहतो आहे! तेही वरच्या मजल्यावरच्या अडगळीच्या दालनात, एका मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण, असे विचारून त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी दिली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू होता. तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. दुसरा मूळचा ब्राह्मण, आता ख्रिस्ती. त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली. शेवटी कामाठी बागेत काही तास बसून बाबासाहेबांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यावर रडून झाले आहे, संकल्पभूमी म्हणून त्या जागेला वंदनही होते. पण तिच्यातली एक बाब फारशी चर्चेत येत नाही. बडोद्याचा राजा प्रतिगामी नव्हता. सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, एका महार तरुणाला अमेरिकेला पाठवले. राजा चांगला होता, तरी राजधानी बंद होती. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज दिवाणाकडून एका अधिकाऱ्याकडे, तिथून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि उत्तर येण्याआधी काठ्या आल्या.

म्हणजे वरच्या माणसाची सहानुभूती आणि खालच्या माणसाचा निवारा यांच्यामध्ये एक मोठी जागा रिकामी असते. ती जागा समाज आपल्या नियमांनी भरतो. खानावळवाला, सरायीचा रखवालदार, मित्राचा स्वयंपाकी, मित्राची बायको, कचेरीत लांबून फायली टाकणारा शिपाई असे सगळे मिळून तिथला कायदा चालवतात. राजाच्या हुकुमापेक्षा हा कायदा बळकट ठरला.

लंडन : भाडे भरा, खोली घ्या

बडोद्यानंतर बाबासाहेब मुंबईत आले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. पगारातून काटकसर केली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. इथे लक्षात घेण्यासारखे आहे की काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि पैसे देणाराही पारशी. दोष एका समाजाच्या रक्तात नसतो. दोष त्या नियमात असतो जो माणसाला पाळायला लावला जातो, आणि भथेनांसारखा माणूस तो मोडू शकतो.

लंडनमधले दिवस सुखाचे नव्हते. कीरांच्या वर्णनात खडूस घरमालकीण आहे, सकाळचा पाव-जाम-चहा आहे, संध्याकाळी कपभर बोव्हरिल आणि बिस्किटे आहेत, आणि रात्री भूक लागली की पत्र्यावर तयार केलेले चार पापड आहेत. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर १९२३ साली डी.एस्सी. या काळातले त्यांचे एक घर प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे आहे. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले अशी पाटी त्या घरावर लावलेली आहे.

या यशाचा हिशेब मांडताना परळच्या बीआयटी चाळीचा रकाना विसरता येणार नाही. परदेशी राहणाऱ्याचा खर्च फक्त तो स्वतः सोसत नाही. माता रमाईंनी इथे हातातोंडाची गाठ घालत संसार ओढला म्हणून तिकडे ग्रंथालयाचे दार उघडे राहिले. लंडनच्या खोलीचे भाडे पौंडांत भरले जात होते, पण त्याचा मोठा भाग मुंबईतल्या एका बाईच्या उपासातून जात होता.

आता मुद्द्याचा प्रश्न. लंडनने खोली दिली आणि बडोद्याने नाकारली, याचा अर्थ इंग्रज चांगले होते असा काढायचा का? आपल्यावर हा आरोप नेहमी होतो, की तुम्ही इंग्रजांचे गोडवे गाता. ज्या साम्राज्याच्या करपद्धतीची आणि चलनव्यवस्थेची चिरफाड बाबासाहेबांनी त्याच साम्राज्याच्या राजधानीत बसून केली, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या काळी लंडनमध्ये कातडीचा रंग पाहून हिंदी विद्यार्थ्यांना खोल्या नाकारल्या जात. वर्णद्वेष होता आणि तो उघड होता.

फरक दुसराच होता. घरमालकिणीला महार म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. तिला आठवड्याचे भाडे हवे होते. भाडेकरू ठेवला म्हणून तिच्याकडे काम करणारी पोरगी सोडून जाणार नव्हती, शेजारी तिचे पाणी तोडणार नव्हते, तिच्या मुलीचे लग्न अडणार नव्हते. जातीचा नियम पाळायला लावणारे जाळे तिथे नव्हते, म्हणून पैसा हा फक्त पैसा राहिला. बडोद्यात दीड रुपया रोज देणाऱ्याचा पैसासुद्धा विटाळला. पैशाला जात लागते की नाही, एवढाच या दोन राजधान्यांमधला फरक.

आणि हा फरक कायमचाही नव्हता. पुढे आपले लोक लंडनमध्ये, लीस्टरमध्ये, बर्मिंगहॅममध्ये वस्तीला गेले तेव्हा बॅगेत लोणच्याबरोबर जातही गेली. म्हणूनच ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीची तरतूद करण्याची वाट ठेवावी लागली. २०१३ साली संसदेने सरकारवर ती करण्याचे बंधन घातले, आणि २०१८ साली सरकारने त्यातून अंग काढून घेतले. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली जातीय भेदभावाला बंदी घालणारा ठराव केला. ज्या परदेशाने बाबासाहेबांना जात विसरू दिली, त्याच परदेशात आज आपली मुलेमुली सहकाऱ्याने आडनाव विचारल्यावर सावध होतात.

दिल्ली : खुर्चीसोबत आलेले घर

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि दिल्लीत २२, पृथ्वीराज रोडवरचा बंगला त्यांना मिळाला. १९४७ मध्ये कायदामंत्री झाल्यावर १, हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू. इथे कोणी जात विचारली नाही, कारण बंगला माणसाला नसतो, पदाला असतो. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला, तसा बंगलाही सुटला. मग ते २६, अलीपूर रोड या घरात गेले. सिरोहीच्या राजघराण्याच्या मालकीचे ते घर. ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्याने देशाची घटना लिहिली, त्याने देशाच्या राजधानीत शेवटचा श्वास घेतला तो दुसऱ्याच्या घरात.

दिल्लीचा धडा बडोद्याइतका झोंबत नाही, पण तो आजच्या आपल्या मध्यमवर्गाला लागू आहे. बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात, विद्यापीठात नोकरी लागली, क्वार्टर मिळाले, की वाटते प्रश्न सुटला. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर सोडून बाजारात घर शोधायला निघालो की मग कळते, की सन्मान खुर्चीचा होता. खुर्ची गेली की आडनाव उरते.

चौथी राजधानी : मुंबई

महाराष्ट्राची राजधानी मुंबई. १ मे १९६० पासून अधिकृतपणे. आपल्या लोकांसाठी ती त्याच्या कितीतरी आधीपासून राजधानी होती. कोकणातून, सातारा-साताऱ्याकडच्या गावांतून महार माणूस गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत आला. खुद्द रामजी सुभेदारांचे कुटुंब साताऱ्याहून येऊन परळच्या डबक चाळीत राहिले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि विदर्भ उपनगरांच्या दलदलीत आणून टाकला. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती अशाच कष्टकऱ्यांनी उभी केली. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या याच वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. राजधानीत राहण्याची एवढी किंमत दिलेल्या वस्तीतली मुले आज इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, आयटीत आहेत. त्यांना झोपडपट्टीतून निघून स्टेशनजवळच्या सोसायटीत वन बीएचके भाड्याने घ्यायचा आहे. डिपॉझिट तयार आहे, पगाराची स्लिप तयार आहे.

मग काय होते? वस्तीत काम करताना हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. दलाल आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव. आडनावावरून पत्ता लागला नाही तर "नॉनव्हेज खाता का?" येते. घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो लावणार का, हे विचारत नाहीत, पण पहिल्या भेटीत गळ्यातल्या निळ्या दोरीकडे किंवा मोबाइलच्या कव्हरकडे नजर जाते. दुसऱ्या दिवशी निरोप येतो : "मालकाच्या भाच्याला हवा आहे हो फ्लॅट." महिनाभराने त्याच फ्लॅटची जाहिरात तशीच दिसते. दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले. सवर्ण नावाच्या गिऱ्हाइकाला मिळणारा होकार दलित आणि मुस्लिम नावाला कमी कमी होत जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी महिलेला मराठी आहे म्हणून कार्यालयाची जागा नाकारली गेली. राज्यभर संताप झाला, आणि व्हायलाच हवा होता. सगळे पक्ष धावले, माफ्या मागवल्या गेल्या. पण एक विचारावेसे वाटते. ज्या मराठी माणसाला मुलुंडमध्ये परके केले म्हणून महाराष्ट्र पेटला, तोच मराठी माणूस पार्ल्यात, बोरिवलीत, डोंबिवलीत बौद्ध भाडेकरूला काय उत्तर देतो? मराठीपणाचा अपमान रस्त्यावर येतो आणि जातीचा अपमान जिन्यातच संपतो. हा दुटप्पीपणा जोवर आपण बोलून दाखवत नाही, तोवर 'मराठी अस्मिता' हा शब्द आपल्यासाठी अर्धाच आहे.

कायदा उंबऱ्यापर्यंत येतो का?

"घर माझे, कुणाला द्यायचे ते मी ठरवीन," हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. तो वरवर निरुत्तर करणारा वाटतो. पण खानावळवालाही हेच म्हणत होता, विहिरीचा मालकही हेच म्हणत होता. संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांबाबत तो मोडून काढला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की 'दुकान' हा शब्द इथे व्यापक अर्थाने घेतला आहे आणि पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थेच्या एका खटल्यात याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला. जाहिरात देऊन, दलाल लावून, बाजारभावाने फ्लॅट भाड्याने देणारा माणूस मग या व्याख्येबाहेर का राहावा?

पण २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा तिचा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा तिथे विजय झाला. कलम १९ मधला देशात कुठेही राहण्याचा हक्क संस्थेच्या फाटकाबाहेर उभा राहिला. १९१७ च्या सरायीचा नियम आणि २००५ चा उपविधी यांच्यामध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे आहेत, आणि एक संविधान आहे.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मात्र आपल्या हातात आहे. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही भागात निवासी जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. कलम १२ नुसार, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तरीही भाड्याच्या घरासाठी हा कायदा वापरल्याचे क्वचितच ऐकू येते. कारण नकार कधीच लेखी नसतो. आणि नकार पचवून पुढची इमारत बघायची आपल्याला सवय लागली आहे.

इथे लंडनच्या त्या घराची पुढची गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली तीस लाखांहून अधिक पौंड देऊन किंग हेन्रीज रोडचे घर विकत घेतले आणि स्मारक केले. शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या आणि तिथल्या कॅमडेन कौन्सिलने घराचे संग्रहालयात रूपांतर करायला परवानगी नाकारली. पण तो नकार लेखी होता आणि त्याची कारणे कागदावर होती. म्हणून अपील करता आले, २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. नकार कागदावर आला की त्याच्याशी भांडता येते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. घरभाड्यातला जातीचा, धर्माचा, आहाराच्या आडून केलेला भेदभाव नाव घेऊन गुन्हा ठरवणारी तरतूद महाराष्ट्र सरकारने करावी. ब्रिटनने १९६८ साली वंशाबाबत आणि अमेरिकेने त्याच वर्षी वंश व धर्माबाबत घरांसाठी असा कायदा केला, तो आपण २०२० च्या दशकात तरी करावा. नोंदणीकृत दलालाने आणि सोसायटीने नकार दिला तर कारण लेखी द्यावे. आणि आपण आपल्या बाजूने तारीख, वेळ, दलालाचा मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपावा, वस्तीतल्या वकिलाकडे न्यावा, कलम ४ चा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा. पहिले दहा अर्ज कदाचित फेटाळले जातील. फेटाळल्याचा कागद मात्र हातात येईल.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींना व्हिसाचे नाव दिले. व्हिसा परक्या देशाचा लागतो. त्यांना तो आपल्याच देशाच्या राजधानीत लागला. लंडनचे घर सरकारने कोट्यवधी रुपये मोजून घेतले याचा आनंद आहे. पण त्या घरात बाबासाहेब राहू शकले ते स्मारक म्हणून नव्हे, वेळेवर भाडे भरणारा एक सामान्य भाडेकरू म्हणून. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर आपल्या मुलीला तेवढेच हवे आहे. भाडे घ्या, पावती द्या, आडनाव विचारू नका.

जय भीम!